दादाच्या ताटाची चौकशी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुंबईस निघालो, तेव्हा समुद्र पाहून ये, राणीची बाग पाहून ये, असे आईने मला सांगितले नाही. बुऱ्हाणपूरच्या स्टेशनवर गाडी हलता हलता ती एवढेच म्हणाली, "तुझा दादा तिथं काय जेवतो, ते डोळ्यांनी बघून ये."

आमचे गाव यंत्रमागांचे. वडिलांचे सारे आयुष्य मागाच्या खडखडाटात गेले. कापडाच्या त्याच धाग्याने माझ्या थोरल्या बंधूस सुमारे ५०० किलोमीटर दूर, काळबादेवीतील एका पेढीवर ओढून नेले. "जेवणाची उत्तम सोय आहे," असे तो फोनवर दर खेपेस सांगे. आईचा मात्र त्या "उत्तम"वर विश्वास बसत नसे. अशा रीतीने मी मुंबईच्या स्वस्त उपाहारगृहांचा परीक्षक झालो.

पहिल्या सकाळी दादा मला धोबी तलावावरील कयानी या इराण्याच्या दुकानात घेऊन गेला. हे दुकान १९०४ सालचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून जे जरथुष्ट्री लोक मुंबईत आले, त्यांनी अशी उपाहारगृहे नाक्यानाक्यांवर थाटली. ब्रून मस्का चहात बुडवून खाण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. पाव कडक, लोणी सढळ आणि चहा गोडमिट्ट! पण मला खरे नवल वाटले ते शेजारच्या मेजावरील वृद्ध गृहस्थांचे. एका पेल्यावर ते वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचीत बसले होते आणि त्यांना कोणी उठविले नाही. ज्याला मोठ्या शहरात बसावयास जागा नाही, त्याला येथे चहाच्या किमतीत घटकाभर घर मिळते. मात्र ब्रून मस्क्यावर दिवस निघत नाही.

रविवारी आम्ही माटुंग्यास गेलो. स्थानकाजवळच रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. समोर केळीचे पान मांडले गेले आणि मला एकदम आमच्या तापीकाठच्या केळीच्या बागा आठवल्या. ज्या पानांना आम्ही गावी मोजीतही नाही, त्या पानावर जेवण्यासाठी येथे माणसे रांग लावून उभी होती! भात, सांबार, रसम, भाज्या, पापड; वाढपी पुन्हा पुन्हा येत होते आणि कोणाच्या भुकेकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नव्हते. मी तृप्त झालो. दादाने पैसे मोजून दिले व म्हणाला, "हे महिन्यातून एकदा."

सगळीकडेच असा अनुभव आला असे नाही. एका ठिकाणी, ज्याचे नाव मी लिहीत नाही, ताटाचा भाव दारावर मोठ्या अक्षरांत होता. परंतु दुसऱ्यांदा मागितलेल्या भाजीचा आणि कांद्याचा हिशेब बिलात निराळा निघाला. पैसे फार नव्हते, पण वाढप्याने सगळ्यांदेखत "वाचता येत नाही का?" असे विचारले. त्या घासाची चव अद्याप जिभेवर आहे.

चौथ्या रात्री दादा झोपला असता त्याची खर्चाची वही माझ्या हाती लागली. दुपारच्या रकान्यात निरनिराळी नावे होती. रात्रीच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द होता : वडापाव. १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी हा पदार्थ प्रथम विकला, असे सांगतात. घाईतल्या कामकऱ्याचे पोट त्याने भरले, हे त्याचे मोठेच पुण्य. परंतु रोज रात्री? पानाच्या तळाशी एक मोठी रक्कम होती आणि तिच्यापुढे "घरी" असे लिहिले होते. त्या रकमेत माझ्या शाळेचा गणवेशही होता, हे मला ठाऊक होते.

सकाळी मी वहीचा विषय काढला. तो रागावला नाही. "आईला सांगू नकोस," एवढेच म्हणाला.

दादा लालबागला राहतो. हा भाग पूर्वीच्या गिरणगावाचा. कुटुंब गावी ठेवून आलेले कामगार येथे खाणावळवाल्या बायकांकडे महिनेवारीने जेवीत. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांबरोबर अनेक चुलीही थंडावल्या. तरी दादाच्या चाळीत एक मावशी अजून दहा-बारा मुलांना जेवू घालतात. पोळ्या, एक भाजी, आमटी, भात. थाटमाट काही नाही. मी जेवत असता एक मुलगा आत आला. मावशींनी मान वर न करताच विचारले, "काल रात्री कुठं होतास? तुझ्या पोळ्या राहिल्या."

तो प्रश्न ऐकला आणि माझी परीक्षा संपली. आई जे विचारते, ते या शहरात कोणी तरी विचारीत होते.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळी भेंडीबाजाराकडे हिंडताना बुऱ्हाणपूरच्या मावा जिलेबीची पाटी दिसली. आम्ही दोघे रस्त्यावर उभे राहूनच ती काळसर जिलेबी खाल्ली. बराच वेळ कोणी बोलले नाही.

घरी आल्यावर आईने पिशवी उतरविण्यापूर्वीच विचारले. दादाची विनंती मोडावी की आईचा विश्वास, हा पेच गाडीत रात्रभर मला सुटला नव्हता. मी खरे तेच सांगितले. आई काही वेळ पीठ मळत राहिली. मग वडिलांना म्हणाली, "त्याला फोन करा. पुढल्या महिन्यापासून पैसे कमी पाठव म्हणावं, आणि त्या मावशींकडं दोन्ही वेळचं लाव."

दादा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. सोळाव्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "आईला सांग, आज आमटीत मीठ जास्त होतं."

आईने ते ऐकले आणि कित्येक महिन्यांनी ती मोकळेपणाने हसली.