थकल्या मनाची धर्मशाळा

आजारी आप्ताला घेऊन दिल्लीस मुक्काम पडला की एक गोष्ट ध्यानात येते. रोग्याची विचारपूस सारेच करतात. रात्रभर त्याच्या उशाशी बसणाऱ्याच्या मनाची विचारपूस कोणी करीत नाही. आपणांवर असा प्रसंग आलाच, तर घटकाभर सवड काढून लोदी बागेत जाऊन या. तेथे प्रवेशमूल्य नाही.

सय्यद आणि लोदी सुलतानांच्या काळातील कबरींभोवती सुमारे ९० एकरांत ही बाग पसरली आहे. खैरपूर गावची वस्ती उठवून १९३६ साली ती लेडी विलिंग्डन यांच्या नावाने खुली झाली. स्वातंत्र्यानंतर तिला आजचे नाव मिळाले. १९६८ साली जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो या वास्तुकारांनी तिची नव्याने आखणी केली.

आत शिरल्यावर सावकाश चाला. येथील पाऊलवाटा वळणे घेत जातात आणि वळणावर झाडांआडून एखादा जुना घुमट अवचित सामोरा येतो. विवंचनेला चिकटलेले मन नकळत तिकडे वळते. त्याला ओढून न्यावे लागत नाही. पुढे अकबरकालीन अठपुला लागतो. पुलाखालचे संथ पाणी पाहत उभे राहिले की श्वासही आपोआप संथ होतो. सावलीत बसावे, तर समोरच्या हिरवळीवर मुले खेळत असतात, कुटुंबे फराळाचे डबे उघडीत असतात. तेथे आपण एकटे असतो, पण एकाकी नसतो.

हा निव्वळ कविकल्पनेचा खेळ नव्हे. १९८४ साली रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. तीव्र वेदनाशामक औषधेही त्यांना कमी लागली.

आपल्या गावी बाग करताना मात्र आपण कारंजे आणि रंगीत दिवे आधी मागतो. त्याऐवजी दाट सावली, वळणाची वाट, पाठ टेकता येईल असे बाक आणि सांजवेळी स्त्रियांनाही निर्धास्त बसता येईल एवढा उजेड मागावा. पूर्वी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधीत. थकलेल्या मनालाही तशीच धर्मशाळा हवी असते. आपल्या गावच्या बागेत तिच्यापुरती जागा आहे काय, हे एकदा पाहून यावे.