नाना चौक

लहानपणी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत ‘नाना चौक, नाना चौक’ असा पुकारा करायचा. मला वाटायचं, नाना म्हणजे कुणाच्या तरी घरातले वडीलधारे असणार. आजी एखाद्या हुशार मुलाचं कौतुक करताना म्हणायची, ‘त्याला शंकरशेट मिळाली हो!’ संस्कृतची ती शिष्यवृत्ती आणि हा चौक एकाच माणसाच्या नावाचे, हे मला फार उशिरा कळलं.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच नाना, यांचा जन्म १८०३ सालचा. घरची पिढीजात पेढी. अरब, अफगाण व्यापारी आपली पुंजी बँकेत न ठेवता नानांकडे ठेवत, असं सांगतात. मला त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं मूळ इथेच दिसतं. ज्याच्या शब्दावर परका माणूस गाठोडं सोडून जातो, त्याच्या शब्दाला सरकारदरबारीही वजन येणारच. १८५२ साली नानांच्या पुढाकारानं बॉम्बे असोसिएशन उभी राहिली, १८५३ साली त्यांचाही हातभार लागलेली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली, १८६२ साली मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात नाना बसले. हे सारं शाळेच्या पुस्तकात येतं.

माझं मन मात्र १८४७ सालापाशी अडतं. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते न्यायाधीश अर्स्किन पेरी. सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणावरच खर्च व्हावा, असा त्यांचा आग्रह. नानांचा सारा व्यवहार इंग्रजांशी, इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, मान डोलावली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण कर्नल जर्व्हिस आणि मंडळातल्या इतर दोन हिंदी सभासदांसोबत नाना ठाम राहिले. इंग्रजी हवंच, पण सामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचं तर ते त्यांच्याच भाषेतून पोचेल, असं त्यांनी लेखी मांडलं. चारचौघांसमोर, तेही न्यायाधीशाला, एका व्यापाऱ्यानं हे सांगितलं! आगगाडीपेक्षाही मला हे काम मोठं वाटतं. गाडी आज ना उद्या आलीच असती. मराठीची बाजू त्या दिवशी कुणी घेतली नसती, तर ती तिथेच पडली असती.

आणि नाना कागदावर थांबले नाहीत. दोनच वर्षांनी, १८४९ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांच्या सभेनं मुलींसाठी मराठी शाळा काढल्या. लोक कुजबुजत होते, जागा मिळत नव्हती. त्यातली एक शाळा नानांनी आपल्याच वाड्याच्या आवारात भरवली.