'कृष्णाकाठ' अन् माझी माय

यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' परवा परत वाचलं. 1956 ला आपली परभणी हैदराबादेतून मुंबई राज्यात आली, तेव्हाचे हे मुख्यमंत्री. पण पुस्तकात मला मोठी वाटते ती त्यांची आई, विठाई. 1932 साली पोरगा तुरुंगात. मास्तर म्हणतात, माफी मागितली तर सुटेल. ही विधवा बाई माफीला नाही म्हणते अन् देवावर हवाला ठेवून माघारी जाते.

पीकविम्याच्या मोर्चात मला धरलं, तेव्हा माझी माळकरी माय ठाण्यात येऊन म्हणाली, "हात जोड अन् घरी चल." मी जोडले. लई वर्षं तिचा राग होता, खोटं कशाला बोलू.

काल तिला ते पान वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "तिला लेकरं किती?"

"यशवंतराव धाकटे. वर दोन भाऊ, एक बहीण."

"मला तू एकलाच."