घोडीचा भरवसा

घोड्यांना वळण लावणाऱ्या माणसाला उर्दूत आणि मराठीतही चाबूकस्वार म्हणतात. नावातच चाबूक. महाडचे माझे मामू वरातीला घोडी देतात, सगळे आयुष्य त्यांचे घोड्यांत गेले. पण त्यांच्या हातात मी चाबूक कधी पाहिला नाही. गोणपाटाचा ओला तुकडा मात्र पाहिला. ही हकीकत त्या गोणपाटाची आहे.

२२ जुलै २०२१च्या पुरात महाड शहर बुडाले, तेव्हा मामूंची पांढरी घोडी खुंट्याला बांधलेली होती. पाणी गळ्यापर्यंत आल्यावर कुणीतरी दावे कापले. घोडी जगली, पण पाण्याला बुजू लागली. रस्त्यावरचे डबके, सांडलेली बादली, ओल्या डांबराची चमक, काहीही दिसले की ती मागच्या पायांवर उभी राहायची. वरातीत पाठीवर नवरदेव आणि पायांशी नाचणारी पोरे. अशी घोडी कोण नेणार? एकाने निम्म्या किमतीला मागितली. दुसऱ्याने फुकटचा सल्ला दिला, "सावित्रीत ओढून न्या, चारदा उभी करा, भीती आपोआप जाईल."

बी.एड.च्या मानसशास्त्रात या उपायाचे नाव मी वाचले होते. भित्र्या जिवाला एकदम पूर्ण भीतीत लोटायचे, याला 'फ्लडिंग' म्हणतात. म्हणजे पूरच. पुरातून वाचलेल्या जनावराला पुराचे औषध! जनावर शेवटी दमून गप्प उभे राहते आणि लोकांना वाटते, सुधारले. मामूंनी ते पुस्तक वाचलेले नाही. ते एवढेच म्हणाले, "गप्प उभी राहिली म्हणजे मानली असं नाही, बाय."

घोडा हे शिकार होणारे जनावर, पळून जगणारे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. नेमके कपाळासमोरचे, नाकाच्या अगदी खालचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. लांबून दिसलेले डबके पायांशी आले की नजरेतून निसटते. त्याची खोली किती, हे त्याला कळायचे कसे? म्हणून डबक्यापाशी घोडी मान खाली घालून फुरफुरली, तर तो हट्ट नसतो, चौकशी असते. अशा वेळी दोरी ओढली की चौकशी संपते आणि झटापट सुरू होते.

मी पोलादपूरला उर्दू शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.ने महाडला जायचे, असे त्या हिवाळ्यात ठरूनच गेले. पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही, नुसती मोरकी आणि लांब दोरी. आधी अंगणात गोल फिरवणे. जुन्या मराठीत याला कावा म्हणतात. मग कोरडे गोणपाट जमिनीवर. घोडीने एक पाऊल पुढे टाकले की मामू त्याच क्षणी दोरी सैल सोडत आणि स्वतः एक पाऊल मागे येत. क्षणभर उशीर झाला तरी उपयोग नाही, कारण मग दोरी कशासाठी सैल झाली हे तिला उमगत नाही. स्किनरच्या 'ऋण प्रबलना'वर मी परीक्षेत दीड पान लिहिले होते. नको असलेला ताण योग्य वर्तनानंतर काढून घेणे, ही त्याची व्याख्या. बहुतेक विद्यार्थी त्याला शिक्षा समजतात. व्याख्या मला पाठ होती. ती हाताने करतात कशी, हे अंगणात दिसले.

कोरड्यानंतर ओले गोणपाट, मग ताडपत्री, मग ताडपत्रीवर तांब्याभर पाणी. डावीकडून जमले की तेच उजवीकडून, अगदी पहिल्यापासून. घोडी मागे सरली तर सरू द्यायची. हे सरू देणे सगळ्यांत अवघड. बघणाऱ्यांना वाटते, म्हातारा हरला. घोडीने मान खाली सोडली, जबडा हलवून ओठ चाटले, की त्या दिवसाचे काम बंद, मग ते दहाच मिनिटांचे का असेना. नंतर खरारा.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने घोड्यांवर एक पुस्तक लिहिले. घोडा ज्या वस्तूला बुजतो तिला आधी आपण हात लावावा, मग त्याला हळूहळू जवळ आणावे, मारू नये; मारले तर वस्तूची भीती वाढते, असे तो सांगतो. आमच्या उर्दूतही सआदत यार खान रंगीन या शायराचा 'फरसनामा' आहे, अठराव्या शतकाच्या अखेरचा. त्यात अंगावरच्या भोवऱ्यांचे शुभाशुभ पुष्कळ आहे. मामूंनाही भोवरे ओळखता येतात, पण गिऱ्हाईकाने विचारले तरच सांगतात.

वर्गाशी तुलना करण्याचा मोह होतो. मी तो आवरते. मामूंपुढे एक घोडी असते, माझ्यापुढे चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका.

फेब्रुवारीत घोडी ओढ्याच्या मोरीवर चढली. मामू आधी स्वतः चपला काढून पाण्यात उभे राहिले होते, दोरी ढिली सोडून. अस्रची अजान झाली, तरी ती काठावरच. मग एक खूर आत, लगेच बाहेर, पुन्हा आत. मे महिन्यात ती एका निकाहच्या वरातीत गेली. मांडवासमोर नुकतेच पाणी शिंपडले होते, त्यावरून चालली.

मामूंच्या मुलाबरोबर मात्र ती मोरीपाशी अजून थांबते. त्याने आता कोरडे गोणपाट अंथरले आहे.