डबीचे पाहुणे

आमच्या दापोडीस पवना मुळेला मिळते. त्या संगमाजवळ एका झाडाच्या ढोलीत मी एक डबी लपवून ठेविली आहे. उपग्रहांच्या साहाय्याने असल्या डब्या हुडकण्याचा हा खेळ, जिओकॅशिंग, २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सुरू झाला. डबी सापडली की आतल्या वहीत नाव व तारीख लिहावयाची. मालकाने ती नावे मोजीत बसावयाचे. हिशेब तो केवढा, पण त्याचे व्यसन लागते खरे! गतवर्षी सह्या मिळाल्या अवघ्या चार. मात्र ऐन पावसाळ्यात कोणीतरी डबीभोवती मेणकापड गुंडाळून सुतळीची पक्की गाठ मारून गेले. वहीत त्याचे नाव नाही. कदाचित हा खेळही त्याला ठाऊक नसेल. तेव्हा पाचव्या ओळीत मीच पेन्सिलीने लिहिले : गाठ, एक.