पोटावर झोपून पाहिलेला सडा

अहो, तीन वर्षं मी फुलांचे नाही, चिखलाचे फोटो काढत होतो! गणपतीत राजापूरला गावी गेलो की सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सीतेची आसवं फुललेली असतात. मी जेवण उरकून भर उन्हात जायचो, उभ्यानंच वाकून टिपायचो. घरी येऊन पाहावं तर गवत, चिखल, जांभा सगळं सारखंच ठळक, आसवांचा जांभळा रंग उडालेला, आणि गेंदाची पांढरी फुलं म्हणजे कागदाचे बोळे. दोष लेन्सचा, असं ठरवून मी महागड्या लेन्ससाठी पैसे साठवत होतो.

यंदा लेन्सचं टोपण निसटून पडलं. ते उचलायला गुडघे टेकले, सहज कॅमेऱ्यातून पाहिलं आणि थक्कच झालो. फुलामागे चिखल नव्हताच! मागे होती लांबची काजूची बाग, तीही वितळून नुसता हिरवा रंग झालेली. लेन्स तीच, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, छिद्र एफ ५.६. फूल लेन्सला जवळ, मागचं सगळं फुलापासून लांब, एवढाच हिशेब! वरून पाहताना माझ्या फुलाची पार्श्वभूमी बोटभर अंतरावरची जमीन होती.

मग काय, पोटावर आडवाच झालो. वाटेनं जाणाऱ्या काकूंनी हाक मारली, "पडलास काय रे?"

संध्याकाळी साडेपाचला दवबिंदू सापडली. किडे पकडणारी ही वनस्पती, पानभर चिकट थेंबांचे केस. सूर्य पाठीशी ठेवायचा, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी मुद्दाम सूर्याकडे तोंड केलं. एकेक थेंब पेटला हो! मागचं गवत मात्र चमकून डोळ्यांत खुपत होतं. घरची काळी छत्री उघडून रोपामागे कलती ठेवली, ऊन तिच्यावरून येईल इतपत खाली. आता काळ्या अंधारात नुसते लाल देठ आणि त्यांवर दिवे.

इतक्या जवळून फोकस जेमतेम नखाच्या जाडीचा मिळतो. पान कॅमेऱ्याला समांतर येईपर्यंत मी कोपरांवर सरकत होतो, वारा पडायची वाट बघत होतो. चाळीसपैकी तीन फोटो जमले. त्या तिनांपुढे आधीची तीन वर्षं पुसून टाकली, खरंच!

भाद्रपदात सड्यावर याल तेव्हा छत्री काळीच आणा. आणि आडवं व्हायचं ते उघड्या कातळावर, फुलांवर नाही.