लाकडाची दोन मापे

शिंपी माणसाचे माप एकदाच घेतो. सुताराला मात्र लाकडाची दोन मापे ध्यानात ठेवावी लागतात, एक उन्हाळ्याचे आणि एक पावसाळ्याचे. आमच्या कुहीत तर फारच! मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांखाली उतरते; ऑगस्टात तीच ८० च्या वर जाते. लाकूड पन्नास वर्षांचे असले तरी हवेशी त्याची ओलाव्याची देवघेव थांबत नाही.

हे शास्त्र मी मावशीकडून शिकलो. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे वैनगंगेचे पाणी चढत चढत आमच्या तालुक्यातल्या कितीतरी गावांत आले. त्यांत मावशीचेही गाव गेले. घर उतरवताना तिने माडीच्या सागवानी फळ्या तेवढ्या सोडल्या नाहीत. आता त्या आमच्या माडीवर आहेत.

मिस्त्री म्हणाला, "फटी लांबीने बुजवतो. जमीन आरशासारखी दिसेल."

मावशी म्हणाली, "राहू दे बाप्पा! पावसाळ्यात लाकडाले फुगाले जागा नाही लागत का?"

तिचे म्हणणे हिशेबाला उतरते. फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. दहा इंची सागवानी फळीत उन्हाळा आणि पावसाळा मिळून ४-५ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. जागा नसली की फळ्या एकमेकींना रेटतात, कमानीसारख्या उचलतात आणि खिळे उपटतात. म्हणून भिंतीलगतही थोडी मोकळीक हवीच.

हवा बदलणे आपल्या हाती नाही. तिची दोन टोके थोडी जवळ आणता येतात. पावसाळ्यात आमच्या माडीवर ओली लुगडी वाळत नाहीत, पोतेरे घट्ट पिळूनच फिरते. उन्हाळ्यात कूलरची दमट हवा फळ्यांनाही बरी वाटते. मात्र समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर ओल खोलीतच कोंडते.

मी नागपुराहून आर्द्रतामापक आणून भिंतीला टांगला आहे. काटा ४० ते ६० च्या दरम्यान असला की मी निश्चिंत! मावशी रोज सकाळी आकडा विचारते, मान डोलावते, आणि मग अनवाणी पायांनी एकेक फळी चाचपून पाहते.